दोन बाटल्या आणि पस्तीस दिवस: इन्शुलिन घेणाऱ्या एका बाईच्या प्रकरणाचा अभ्यास

गोव्याच्या पूर्वेकडे घाटाच्या पायथ्याशी सत्तरीपासून धारबांदोडा-सांग्यापर्यंत जो डोंगराळ पट्टा आहे, त्यातल्या एका वाड्यावरच्या ६१ वर्षांच्या बाईचे हे प्रकरण. नाव, गाव आणि आरोग्य केंद्र मुद्दाम दिलेले नाही, कारण ही एकाच घराची हकिगत नाही. या पट्ट्यात अनेक घरांतून दिसणाऱ्या गोष्टी इथे एका घरात एकत्र मांडल्या आहेत. आकडेही मांडणीसाठी घेतले आहेत, पण हिशेब वाचणाऱ्याला पडताळता यावा म्हणून तारखा २०२४ च्या कॅलेंडराप्रमाणे ठेवल्या आहेत.

बाईंना मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. गोळ्यांनी भागेना, तेव्हा दोन वर्षांपूर्वी इन्शुलिन सुरू झाले. नवरा वारला. मुलगा डिचोलीकडे कारखान्यात पाळीवर जातो, सून घर आणि चार गुरे बघते. बाई वर्षभर कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, पडेल ते काम करतात आणि मार्च ते मे काजूच्या बागायतीत बोंडू, म्हणजे काजूची फळे, गोळा करायला जातात. आरोग्य केंद्र १४ किलोमीटरवर. कदंब महामंडळाची पहिली बस सकाळी सव्वासहाला सुटते, परतीची अडीचला मिळते. म्हणजे केंद्रावर जायचे तर त्या दिवसाची मजुरी गेली.

ऑगस्टमध्ये हे प्रकरण आढाव्याला आले, तेव्हा केसपेपरवर शेवटची नोंद होती: ‘औषध नीट घेत नाही.’ उपाशीपोटी साखर २५० च्या घरात, डोस दोनदा वाढवलेला, जुलैत रात्री १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी लागलेली, आणि तेव्हापासून संध्याकाळचे इंजेक्शन बाईंनी आपणहून बंद केलेले. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला त्यांचे कोंकणी उत्तर एवढेच होते: ‘बरें दिसना’, म्हणजे बरे वाटत नाही.

हे दोन शब्द गोव्यातल्या कुठल्याही बाह्यरुग्ण विभागात दिवसभर ऐकू येतात. अंग मोडून आले तरी ‘बरें दिसना’, मन उदास असले तरी ‘बरें दिसना’. ऐकणारा बहुधा त्याचा अर्थ अशक्तपणा असा लावतो आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतो. इथे त्या दोन शब्दांच्या मागे काय आहे ते शोधायला तासभर लागला. उत्तर सापडले ते औषधाच्या खिडकीवर.

केसपेपर काय सांगत होता

मधुमेहाची ओपीडी दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी. बाईंच्या उपाशीपोटी साखरेच्या नोंदी अशा: ४ जानेवारी १३८, १ फेब्रुवारी १४२, ७ मार्च २३१, ४ एप्रिल २१८, २ मे २२४, ६ जून २४७, ४ जुलै २३९, १ ऑगस्ट २५२.

जानेवारी-फेब्रुवारीत डोस सकाळी १८ आणि संध्याकाळी १० असा, दिवसाला २८ युनिट. इन्शुलिन ३०/७० मिश्र (लवकर आणि सावकाश लागू पडणाऱ्या इन्शुलिनचे मिश्रण), ४० युनिट प्रति मिलिलिटरचे. ७ मार्चला २३१ बघून डोस २२ आणि १४ केला, म्हणजे ३६. ६ जूनला २४७ बघून २६ आणि १६ केला, म्हणजे ४२. एका दिवसाचा आकडा समोर ठेवून निर्णय घेतला तर कुठलाही डॉक्टर हेच करील. शंभर माणसांच्या रांगेत एका रुग्णाला तीन-चार मिनिटे मिळतात.

पण आढाव्यात एचबीए१सी करून घेतली, ती आली ७.६. ही तपासणी साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी दाखवते. ७.६ म्हणजे सरासरी साखर १७१ च्या आसपास. रोज उपाशीपोटी २४० असणाऱ्या माणसाची एचबीए१सी दहाच्या जवळ यायला हवी. रक्तक्षय असला तर ही तपासणी फसवते, म्हणून हिमोग्लोबिनही पाहिले, ते ११.२ होते. एवढी तफावत त्याने येत नाही. तेव्हा दोनच शक्यता उरल्या. एक तर बाईंची साखर फक्त केंद्रावर येण्याच्या दिवशीच चढते, नाही तर मधल्या दिवसांत ती इतकी उतरते की सरासरी खाली येते. चौकशी केल्यावर दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या.

बाटल्यांचा हिशेब

खिडकीवर दर खेपेला माणशी दोन बाटल्या मिळत. एका बाटलीत १० मिलिलिटर, म्हणजे ४०० युनिट. दोन बाटल्यांचे ८००. दिवसाला २८ युनिट घेतले तर ८०० युनिट साडेअठ्ठावीस दिवस पुरतात. ‘महिन्याला दोन’ हे कुणीतरी कधीतरी याच हिशेबाने ठरवले असावे, आणि ते ठीकच दिसते.

घोळ ‘पहिला गुरुवार’ या शब्दांत आहे. एका पहिल्या गुरुवारपासून दुसऱ्या पहिल्या गुरुवारपर्यंत कधी २८ दिवस असतात, कधी ३५. वर्षातल्या बारा अंतरांपैकी साधारण आठ चार आठवड्यांची असतात आणि चार पाच आठवड्यांची. १ फेब्रुवारी ते ७ मार्च हे ३५ दिवसांचे होते. ३५ गुणिले २८ म्हणजे ९८० युनिट हवे होते, हातात होते ८००. जवळजवळ साडेसहा दिवसांचे औषध कमी. ७ मार्चला साखर २३१ आली ती म्हणून. बाईंचा आजार वाढला नव्हता, बाटली रिकामी झाली होती.

ते कुणी विचारले नाही आणि बाईंनी सांगितले नाही. डोस वाढला, बाटल्या मात्र दोनच राहिल्या. दिवसाला ३६ युनिटने ८०० युनिट २२ दिवसांत संपतात. म्हणजे आता पाच आठवड्यांच्याच नव्हे, प्रत्येक महिन्यात तुटवडा. मग बाईंनी स्वतःची पद्धत बसवली. पहिले पंधरा दिवस सांगितलेला पुरा डोस घ्यायचा. बाटली उजेडाला धरून बघायची आणि उरलेले पुढच्या गुरुवारपर्यंत पुरवायचे. पंधरा दिवसांत ५४० युनिट गेले, उरले २६०, ते तेरा दिवसांत वाटले की दिवसाला वीस. मे महिन्यात पुन्हा ३५ दिवसांचे अंतर आले, तेव्हा तेच २६० वीस दिवस पुरवायचे होते, दिवसाला तेरा. जगातल्या कुठल्याही गृहिणीला येते तशी ही काटकसर. तेल संपत आले की फोडणी कमी घालायची, तशी.

याचा परिणाम असा की बाई केंद्रावर नेमक्या त्या दिवशी येत जेव्हा त्यांचे इन्शुलिन सर्वांत कमी पडलेले असे. साखर चढलेली दिसे, डोस वाढे, घरी परतल्यावर नव्या बाटल्यांतून वाढलेला पुरा डोस सुरू होई, आणि पहिल्या दोन आठवड्यांत साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली उतरे. ते बघायला तेव्हा कुणी नसे.

तुटवडा वरपर्यंत कळत कसा नाही, हेही समजून घेतले पाहिजे. खिडकीवरचे मागणीपत्रक मागच्या तिमाहीत किती बाटल्या गेल्या यावरून भरले जाते. माणशी दोन दिल्या म्हणून दोनच गेल्या, दोनच गेल्या म्हणून दोनच मागवल्या. ज्याला कमी पडले त्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही. फार्मासिस्ट बेफिकीर नव्हता. साठा सगळ्यांना पुरावा म्हणून तो समान वाटप करीत होता. पण दिवसाला १४ युनिट घेणाऱ्यालाही दोन आणि ४२ घेणाऱ्यालाही दोन, या समान वाटपात एकाच्या घरी बाटल्या पडून राहतात आणि दुसऱ्याची सुई कोरडी पडते.

पेज, बोंडू आणि फ्रिज

मिश्र इन्शुलिन जेवणाआधी अर्धा तास घ्यायचे असते. बाईंना सांगितले होते, ‘नाश्त्याआधी घ्या.’ या वाड्यावर नाश्ता असा वेगळा नसतो. सकाळी साडेसहाला चहा, सोबत असलाच तर पावाचा तुकडा, मग काम, आणि साडेदहा-अकराला उकड्या तांदळाची पेज. बाई सातला इंजेक्शन घेत आणि चार तास तशाच काम करीत. एप्रिलमध्ये दोनदा बागायतीत हातपाय थरथरून त्या झाडाखाली बसल्या. बोंडू चोखल्यावर बरे वाटले. त्यांनी ते उन्हावर ढकलले. पिकलेल्या बोंडवातली साखर पोटात गेली म्हणून बरे वाटले, हे ऑगस्टमध्ये सगळे एकत्र जुळवताना कळले. तोवर ‘चक्कर येते’ एवढीच नोंद कागदावर होती. विचारायला हवे होते, ‘पेज कितीला घेता?’

दुसरी गोष्ट फ्रिजची. घरात फ्रिज नाही. ‘थंड ठेवा’ म्हटल्यामुळे दोन्ही बाटल्या शेजारणीच्या फ्रिजमध्ये. रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी साडेसातला दार वाजवायचे, तिच्या घरी पाहुणे असोत, भांडण चालले असो. शेजारीण कधी काही बोलली नाही. पण बाई म्हणाल्या, ‘दोन वर्षे झाली, रोज दोनदा तिच्या दारात उभी राहते. मला माझीच लाज वाटते.’ खरे तर वापरायला काढलेली बाटली फ्रिजबाहेर, ३० अंशांच्या आत आणि उन्हापासून दूर, साधारण चार आठवडे चांगली राहते. फ्रिज लागतो तो न उघडलेल्या बाटलीला, आणि तोही बर्फाच्या कप्प्यात नव्हे. एकदा गोठलेले इन्शुलिन फेकून द्यावे लागते. हे वाक्य कुणी दोन वर्षांपूर्वी सांगितले असते तर सातशे दिवसांची ती चौदाशे दारे वाजवावी लागली नसती.

आणखी एक चूक मे महिन्यात झाली. सिरिंज संपल्या म्हणून मुलाने शहरातल्या दुकानातून आणल्या, त्या केशरी टोपीच्या निघाल्या. केशरी टोपीची सिरिंज १०० युनिट प्रति मिलिलिटरच्या इन्शुलिनसाठी असते, लाल टोपीची ४० साठी. ४० च्या बाटलीतून केशरी सिरिंजने २२ च्या रेघेपर्यंत ओढले तर आत येते ०.२२ मिलिलिटर, म्हणजे नऊ युनिटसुद्धा नाही. दहा-बारा दिवस बाई निम्म्याहून कमी औषध घेत होत्या. उलटे झाले असते, म्हणजे १०० चे इन्शुलिन लाल सिरिंजने ओढले असते, तर अडीच पट डोस गेला असता आणि ते जिवावर बेतले असते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, एवढे बघायला अक्षरओळख लागत नाही, लाल टोपी दाखवून शिकवता येते.

नऊ जुलैची रात्र

४ जुलैला नव्या बाटल्या आणल्या. दिवसाला ४२ युनिट. ९ तारखेला दिवसभर पाऊस, वीज गेलेली. रात्री बाईंनी थोडी पेजच घेतली. दोनच्या सुमारास सुनेला जाग आली ती सासू काहीतरी असंबद्ध बोलत होती म्हणून. अंग घामाने भिजलेले, हात थंड. सुनेने साखर दिली नाही. मधुमेहाच्या माणसाला साखर म्हणजे विष, हे तिने नऊ वर्षे ऐकले होते. मुलगा रात्रपाळीला. १०८ ला फोन लावायला मोबाइल घेऊन रस्त्यापर्यंत चालत जावे लागले, कारण घरात रेंज नाही. गोव्यात ही सेवा २००८ पासून आहे आणि तिचा नंबर सगळ्यांना पाठ आहे. चाळीस मिनिटांत गाडी आली. ग्लुकोमीटरवर ४६. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर दहा मिनिटांत बाई ओळखू लागल्या. सकाळपर्यंत केंद्रावर ठेवून घरी पाठवले. बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळापर्यंत) जावे लागले नाही.

सकाळी हातात दिलेल्या कागदावर ‘साखर उतरली होती, वेळेवर जेवण घ्या’ असे होते. डोस तोच. बाईंनी त्याच संध्याकाळी इंजेक्शन बंद केले. त्यानंतर त्या रात्री झोपेनात. झोपले आणि परत तसे झाले तर? सुनेला उठवायचे म्हटले तरी कसे उठवणार? देवळातल्या सोमवारच्या भजनाला जाणे थांबले, कारण परतायला अंधार होतो. सून माहेरी गेली नाही. बाईंच्या कानावर ‘औषध नीट घेत नाही’ हे शेऱ्याचे शब्दही गेले होते, कुणीतरी वाचून दाखवले होते. महिनाअखेर इन्शुलिनचा एकेक थेंब पुरवणाऱ्या बाईला हा शेरा किती लागला असेल, ते त्यांच्या तोंडून ऐकताना कळत होते.

मनाचे मोजमाप

८ ऑगस्टला साखरेबरोबर डब्ल्यूएचओ-५ ही प्रश्नावली विचारली. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ सालची, पाच वाक्यांची. मागच्या दोन आठवड्यांत मन आनंदी होते का, शांत होते का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का, रोजच्या जगण्यात रस वाटेल अशा गोष्टी होत्या का. प्रत्येकाला ० ते ५ गुण. बेरीज २५ पैकी, तिला चारने गुणले की शंभरपैकी. ५० किंवा त्याहून कमी आले तर तब्येतीचा सूर बिघडला आहे असे धरतात, २८ किंवा त्याखाली आले तर नैराश्याची नीट तपासणी करतात.

बाईंचे गुण २, १, २, ०, २. बेरीज सात, म्हणजे २८. शून्य होते ते सकाळी ताजेतवाने उठण्याला. पीएचक्यू-९ या नैराश्य मोजणाऱ्या दुसऱ्या प्रश्नावलीवर, जिथे गुण जास्त तितके नैराश्य जास्त, ११ गुण आले. जीव नकोसा वाटण्याच्या प्रश्नावर शून्य, तो प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला होता. मध्यम नैराश्य म्हणून लगेच गोळी सुरू करता आली असती. केंद्रातल्या डॉक्टरांनी ठरवले की आधी भीतीचे कारण काढावे, चार आठवड्यांनी पुन्हा मोजावे, आणि पीएचक्यू-९ चा आकडा दहाच्या वरच राहिला तर समुपदेशन सुरू करावे. मधल्या काळासाठी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून दिला.

समुपदेशनाचा पर्याय हाताशी धरण्याला गोव्यातलाच आधार आहे. संगाथ या संस्थेने इथल्या २४ दवाखान्यांत, निम्मे सरकारी आणि निम्मे खासगी, साध्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांना बसवून ‘मानस’ हा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले. सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणी नैराश्य किंवा चिंताविकाराचे निदान झालेल्यांपैकी ६५.९ टक्के लोक सहा महिन्यांनी बरे होते, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगी दवाखान्यांत असा फरक दिसला नाही. आमचा कयास असा, की खासगी डॉक्टर रुग्णाला नावाने ओळखतो, त्याच्याशी दोन शब्द बोलतो, आणि ती उणीव सरकारी केंद्रात समुपदेशकाने भरून काढली.

काय बदलले

डोस दिवसाला २६ युनिटवर आणला, सकाळी १६ आणि संध्याकाळी १०. जानेवारीत २८ युनिटवर साखर १४० च्या आसपास होती, हाच आधार. हा डोस या बाईंसाठी डॉक्टरांनी ठरवलेला आहे, दुसऱ्या कुणी उचलायचा नाही. पहिले दोन आठवडे उपकेंद्राची एएनएम (परिचारिका) आठवड्यातून दोनदा घरी जाऊन ग्लुकोमीटरवर साखर बघत होती. पहिल्याच भेटीत तिने मांडीवरच्या गाठी चाचपून पाहिल्या. दोन वर्षे एकाच जागी टोचल्यामुळे तिथली चरबी कडक झाली होती आणि तिथून औषध कधी शोषले जाई, कधी नाही. ‘मावशी, आता पोटावर, बेंबीपासून दोन बोटे सोडून, आणि रोज जागा बदलून,’ असे तिने शिकवले. ताज्या जागी औषध जास्त लागू पडते, म्हणून डोस कमी ठेवणे योग्यच ठरले. बाटली हलवायची नाही, दोन तळव्यांत दहा-वीस वेळा फिरवायची, पांढरट रंग सारखा होईपर्यंत, हेही दाखवले.

सकाळचे इंजेक्शन सातलाच, पण पेजेची वेळ बदलली. पेज घरून निघण्याआधी साडेसातला घ्यायची आणि तिच्या अर्धा तास आधी टोचायचे. साडेदहाला बागायतीत उरलेली पेज किंवा भाकरी. बाईंना हे पटायला वेळ लागला नाही. त्या म्हणाल्या, ‘आधी सांगितले असते तर पेज लवकरच शिजवली असती.’

खिडकीवरच्या वहीत ‘रोजचे युनिट’ असा एक रकाना हाताने आखला. रोजचे युनिट गुणिले पुढच्या भेटीपर्यंतचे दिवस, त्यात वाया जाणारे दहा टक्के मिळवायचे, चारशेने भागायचे, आणि उत्तर पूर्णांकात वर घ्यायचे. २६ गुणिले २८ म्हणजे ७२८, दहा टक्के मिळवून ८०१, भागिले ४०० म्हणजे दोनहून किंचित जास्त, म्हणून तीन. पुढच्या खेपेला उरलेली बाटली वजा. घरात एक न उघडलेली बाटली कायम शिल्लक असली पाहिजे, कारण पावसात झाड पडून रस्ता बंद झाला तर गुरुवारला अर्थ नसतो. कमी पडले तर किती पडले तेही त्याच रकान्यात लाल शाईने, म्हणजे पुढच्या मागणीपत्रकात तो आकडा धरता येतो.

‘पहिला गुरुवार’ गेला, त्या जागी दर चार आठवड्यांनी येणारा गुरुवार आला आणि कार्डावर वार न लिहिता तारीख. ५ सप्टेंबर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, दोन दिवस आधी पडत होती, बाईंना ते सोयीचेच वाटले. ३१ ऑक्टोबरला दिवाळी, म्हणून २४ ला बोलावले. त्या दिवशी बाईंनी पहिल्यांदा विचारले, ‘मग बाटल्या पुरतील ना?’ आणि रकान्यावर बोट ठेवून दाखवता आले.

तपासणीच्या दिवसाची अडचण वेगळी होती. उपाशीपोटी यायचे म्हणून बाई इंजेक्शन न घेता सव्वासहाची बस धरीत आणि रक्त द्यायला दहा-साडेदहा वाजत. आता मधुमेहाच्या रुग्णांचे रक्त आधी घेतात, साडेआठला. बाई सिरिंज, बाटली आणि डबा बरोबर आणतात, रक्त देऊन तिथेच टोचून घेतात आणि अर्ध्या तासाने खातात. यासाठी वेगळा माणूस लागला नाही, फक्त रांगेचा क्रम बदलला.

सुनेला वेगळे बसवून शिकवले. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले की तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा बघायचे, ७० च्या वर आली की थोडे खायला द्यायचे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालायचे नाही, कुशीवर वळवून १०८. साखरेचा एक छोटा डबा आणि पाण्याचा तांब्या बाईंच्या उशाशी आला. बाटलीसाठी मातीचे छोटे मडके, त्याच्याभोवती ओली वाळू, मोठ्या मडक्यात. शेजारणीच्या फ्रिजमध्ये आता न उघडलेली बाटली असते, तीही महिन्यातून एकदा काढायची.

मुलाला एक गोष्ट समजावून सांगावी लागली. घरात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे, म्हणजे गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचे, कार्ड आहे. २०२४ मध्ये तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांचे, मोठ्या कुटुंबाला चार लाखांचे संरक्षण होते. कार्ड आहे म्हणजे आईच्या औषधाची चिंता नाही असे त्याला वाटत होते. कार्ड इस्पितळात भरती होऊन करायच्या उपचारांसाठी आहे. रोजचे इन्शुलिन खिडकीवरच मिळते, ते कमी पडले तर तिथेच सांगायचे.

नोव्हेंबरचे आकडे

५ सप्टेंबरला डब्ल्यूएचओ-५ चे गुण ४०, पीएचक्यू-९ वर ८. २१ नोव्हेंबरला गुण ३, ४, ३, ३, ३, म्हणजे ६४, आणि पीएचक्यू-९ वर ५. वेगळे समुपदेशन लागले नाही. या काळात साखर ७० च्या खाली एकदाच गेली, ६४, ती सुनेने साखरपाण्याने सावरली. एचबीए१सी ७.४.

म्हणजे ७.६ वरून ७.४. जिल्ह्याच्या अहवालात हे प्रकरण गेले तर ‘विशेष फरक नाही’ असेच वाचले जाईल. आधीच्या ७.६ मध्ये अर्धा महिना फार खाली आणि अर्धा महिना फार वर असे दोन टोकांचे दिवस मिसळलेले होते, आताच्या ७.४ मध्ये दिवस एकसारखे आहेत. सरासरीला हा फरक कळत नाही, रात्री दोन वाजता जागे बसणाऱ्या बाईला कळतो.

असेच काहीसे पार दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात दिसले आहे. तिथे २००८ साली मेडिकेड या सरकारी विम्यात जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ, म्हणून सोडत काढली. त्यामुळे विमा मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी सरळ तुलना करता आली. दोन वर्षांनी रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि एचबीए१सी यांत ठळक फरक सापडला नाही. नैराश्य मात्र नऊ टक्क्यांच्या आसपास अंतराने कमी झाले होते. आणि आपली तब्येत बरी आहे असे सांगणाऱ्यांची संख्या पहिल्या महिन्याभरातच वाढली होती, दवाखान्यात जाणे वाढायच्या आधीच. ज्यांना वाटते की आरोग्यसेवेचा लाभ फक्त रक्ताच्या तपासणीत दिसायला हवा, त्यांनी हा निष्कर्ष आणि वरचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

सगळे सुटलेले नाही. रेंजसाठी अजून रस्त्यावर जावे लागते. केंद्रावरचा दिवस मजुरीविना जातोच. तिसऱ्या बाटलीचा रकाना एका फार्मासिस्टच्या आस्थेवर चालला आहे, छापील वहीत तो नाही, आणि बदली झाली तर नव्या माणसाला पुन्हा समजवावे लागेल. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, बाईंची गेल्या दोन वर्षांत झालेली नाही. त्यासाठी म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात जायचे, दोन बस बदलून. एएनएमने तारीख घेऊन ठेवली आहे. बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातल्यावर तीन-चार तास नीट दिसत नाही, म्हणून सोबत कुणीतरी हवे. सून जाणार आहे, आणि जाताना डबा आणि साखर बरोबर घ्यायची हे तिने स्वतःच सांगितले.